मायले सांग, बाले सांग

“मॅडम, ‘से’ म्हणजे सांगणं आन ‘टेल’ म्हणजेबी सांगणंच, तर इंग्रजांले दोन-दोन शब्द काऊन लागतात?”

दहावीचा वर्ग खिदळला. हे विचारून दाखव म्हणून शेजारी बसलेल्या पायलनं एका आलूबोंड्याची पैज लावली होती. आचल मात्र उभीच राहिली. हल्ली तिला वर्गात उभं राहायला आवडायला लागलं होतं.

पुनम मॅडम रागावल्या नाहीत. ‘टेल’ला समोर माणूस लागतोच, त्या म्हणाल्या. टेल मी, टेल हर. ‘से’ला नसला तरी चालतो. असलाच, तर ‘से’ त्याच्याशी थेट जुळत नाही. मधे ‘टू’ घालावा लागतो.

“म्हणजे आमच्या घरी मीच तो ‘टू’,” आचल पुटपुटली. पायलला हसू आवरेना.

आचलला नाही आलं हसू.

संध्याकाळी घरी पुन्हा तेच. अंगणात फाटकं जाळं पसरलेलं. एका टोकाला बा गाठी मारत होता, दुसरं टोक मायनं ताणून धरलं होतं. सकाळी तलावात जायचं, म्हणून काम सोबत. बोलणं मात्र पोळ्यापासून बंद! भांडण एकच: दहावीनंतर आचलला वरोऱ्याच्या वसतिगृहात ठेवायचं की नाही.

“आचल, बाले सांग, आतापासून बोलून ठेवलं तरच तिथी जागा भेटते.”

“मायले सांग, पोरगी कुठी जात नाई.”

“बाले सांग, पोरीचं नुकसान करून राह्यला तू.”

दोघांच्या मधे चार हात जाळं. दोघांचेही कान शाबूत. तरी आचलनं निरोप दिल्याशिवाय कोणी उत्तर द्यायचं नाही. ती देत होती, डोकं धरून. तुला काय वाटतं, हे काही कोणी विचारलं नव्हतं.

मग बाचा हात थांबला.

“मायले सांग,” तो खाली बघूनच म्हणाला, “ही गेली, तर या घरात बोलाले कोन राहीन?”

मायच्या हातातलं जाळं सैल पडलं. तिनं बाकडे नाही, आचलकडे पाहिलं. निरोपाची वाट बघत.

“मी नाई सांगत!” आचल ओरडली. “मी वरोऱ्याले जाईन. पक्कं! आन बा, तिले काय विचाराचं ते तूच विचार. समोरच तर बसली आहे.”