खुर्च्या राहू द्या

‘बर्गरबाग’ची पाटी उतरवून टेम्पोत ठेवली, तरी आत सात मुली बसूनच होत्या. तासगावात कॉलेजच्या मुलींना कुणाच्या नजरा न झेलता तासभर बसता येईल अशी ही एकच जागा होती. काउंटर सांभाळणाऱ्या नलिनीताईंनी आजवर एकीलाही उठवलं नव्हतं.

“लहान गावांतली आमची सगळी दुकानं बंद होतायत, ताई,” कंपनीचा माणूस म्हणाला. “यांना उठायला सांगा. आता इथं बर्गर मिळणार नाही.”

एका मुलीने दप्तरातून डबा काढला. “मग आम्ही चपाती-भाजी खातो,” ती शांतपणे म्हणाली. बाकीच्यांनीही डबे उघडले.

नलिनीताईंनी कंपनीची टोपी काढून त्या माणसाच्या हातात दिली.

“मशीन न्या, फ्रीज न्या. खुर्च्या राहू द्या, त्या मी विकत घेते. गाळामालकाशी आजच बोलते. उद्यापासून इथं पोहे मिळतील.”

“पोह्यांवर एवढा गाळा चालेल?”

“नाही चालला तर मिसळ लावीन. बंद मात्र करणार नाही,” असं म्हणत त्या खुर्ची ओढून मुलींमध्ये जेवायला बसल्या.