घोडीचा पाय
अमेरिकेतल्या लढाईनं कापसाचा भाव चढला, तसं तेल्हाऱ्याच्या उकंडरावानं नाल्याकाठची लेकरं पुरायची पडीक जागाही नांगरायला घेतली. त्याचं तान्हंही तिथंच पुरलेलं. बायकोनं, सगुणानं, पाय धरले, पण तो थांबला नाही. पेरणी पाहायला त्या वावरात नेलेल्या पांढऱ्या घोडीच्या पायाला खपल्या धरल्या. सगुणा रोज कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं त्या भिजवायची, करंजाचं तेल लावायची; खपल्या हटेनात. “चिखलानं होते,” उकंडराव म्हणायचा. आज खपली अलगद सुटली. खालच्या गुलाबी कातडीवर इवल्या बोटांचे वळ होते. अंगठ्याला चिकटून जास्तीचं बोट, तिच्या तान्ह्याला होतं तसंच. तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. “काहून थांबली?” त्यानं विचारलं. “म्या पाय धरले तवा तुमी थांबले नाई. आता त्याले धरू द्या.” उकंडरावानं लगाम ओढला. घोडीला तो पाय उचलता येईना.