चांदीपुढच्या दोन पाट्या

"अक्का, हिची डावी कूस ढोलासारखी फुगलीय!" नंदाचा आवाज चिरकला. चांदी गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत होती.

तिच्यापुढं दोन पाट्या होत्या. जुन्या, घरच्या बियाण्याच्या लसूणघासाची पाटी जशीच्या तशी भरलेली. नंदानं आणलेल्या नव्या वाणाची पाटी रिकामी. यंदा कुठला वाफा बियाण्यासाठी राखायचा, हे आज चांदीच आवडीची पाटी खाऊन ठरवणार होती.

"बघितलंस तुझ्या नव्या घासानं काय केलं?" थोरल्या जाऊबाई, अक्का, म्हणाल्या. "गाय जातेय माझी!"

नंदानं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "घासाआधी काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. काल संध्याकाळपासून उपाशी ठेवली होती. घास पहाटे दवातच कापला."

"उपाशी गायीला दवानं ओला घास? कुठलाही वाण असता तरी पोट फुगलंच असतं. गोडेतेल पाजा, मी निघालोच."

नंदानं अक्कांकडे पाहिलं. भरल्या पोटी गाय खरं काय सांगणार, असं कालच त्या म्हणाल्या होत्या. आता अक्कांनीच धावत जाऊन तेलाची बाटली आणली आणि चांदीचं तोंड स्वतः उघडून धरलं.

बऱ्याच वेळानं चांदीनं लांबलचक ढेकर दिला. अक्कांच्या हाताखाली कूस जराशी उतरली. तिनं मान पुढं केली, जुन्या घासाची पाटी हुंगून सोडली आणि रिकामी पाटी चाटू लागली.

"नवाच राख बियाण्याला," अक्का म्हणाल्या. हात मात्र त्यांनी कुशीवरून काढला नाही.