राखून ठेवलेली जागा

रविवारच्या उपासनेत साऱ्या चर्चनं परदेशातल्या भूकंपात गेलेल्यांसाठी डोळे मिटून प्रार्थना केली. ती संपताच मदन महल वस्तीत राहणाऱ्या निवृत्त नर्स कमलिनीबाई चर्चच्या सेक्रेटरींपुढे उभ्या राहिल्या. बरगी धरणात गाव बुडाल्यापासून चर्चच्या फाटकाशी बसणारी म्हातारी पहाटे थंडीनं गेली होती. "तिला आपल्या कब्रस्तानात माती द्या," त्या म्हणाल्या. "तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला आहे काय, सिस्टर?" सेक्रेटरींनी विचारलं. "भूकंपातल्यांचे दाखले पाहून प्रार्थना करून राहिले होते काय, भैया?" सेक्रेटरी चिडले. "कब्रस्तानात जागाच नाही." "माझी आहे ना!" नवऱ्याच्या कबरीशेजारची जागा त्यांनी अकरा वर्षांपासून स्वतःसाठी राखून ठेवली होती. तीच म्हातारीसाठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी माती द्यायला खड्डा खणणाऱ्याशिवाय कोणी आलं नाही. कमलिनीबाई नवऱ्याच्या क्रुसापाशी वाकून म्हणाल्या, "हिला सांभाळा जी. माझी वाट नका पाहू आता."