चायनाग्रास

स्टोव्हवर साय तापत होती आणि लीला डाव हलवत होती. ऑफिसातल्या इटालियन साहेबाच्या बायकोनं तिला हे पुडिंग सांगितलं होतं. साय, साखर, व्हॅनिलाचे दोन थेंब आणि थिजायला जिलेटिन. बस.

तिची आई यशोदाबाई विळीवर पापलेटं कापत होत्या. लीलानं पुडीतल्या पांढऱ्या काड्या पाण्यात उकळायला टाकल्या, तेव्हा त्यांचा हात थांबला.

"चायनाग्रास? कपाटात जिलेटिन आहे की."

"असू दे."

"ते हाडांचं म्हणून? या घरात हाडांचं वावडं कधीपासून?"

 वितळलेल्या काड्या सायीत घालून लीलानं सगळं काचेच्या वाट्यांत ओतलं.

थोरला भाऊ श्यामकांत दारात येऊन उभा राहिला. मुंबईसाठीच्या सत्याग्रहात पकडला गेलेला, कालच सुटून ठाकूरद्वारला घरी आला होता. कपाळावरची लाठीची जखम अजून ओली होती.

"कोणासाठी चाललंय हे?"

"किरीट मेहताच्या आईसाठी. त्यांनी आज घरी बोलावलंय." लीलानं डाव खाली ठेवला. "मी किरीटशी लग्न करणार आहे."

"मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणतात ते गुजराती लोक! आमची डोकी फुटली, आणि तू त्यांच्याकडे गोड घेऊन निघालीस?"

"किरीट तसं म्हणत नाही."

"मी आत असताना मोर्चात घोषणा देत होतीस म्हणे. ते काय नाटक होतं?"

"उद्याच्या मोर्चालाही येणार आहे, दादा. मुंबई आपलीच आहे. लग्न माझं आहे."

श्यामकांतचा हात वर गेला.

"श्याम!" यशोदाबाई म्हणाल्या.

हात खाली आला. "गेलीस तर परत येऊ नकोस."

पुडिंग थिजेपर्यंत यशोदाबाईंनी पापलेटं धुऊन ठेवली. मग लीलानं वाट्या तबकात ठेवल्या.

"वाट्या घरच्या आहेत," यशोदाबाई म्हणाल्या. "त्या इथेच राहतील."

 लीलानं आपला ऑफिसचा डबा काढला आणि चमच्यानं पुडिंग त्यात भरलं. गुळगुळीत साय फुटून तिचे तुकडे तुकडे झाले. वाट्या धुऊन तिनं पालथ्या घातल्या आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. श्यामकांत खिडकीकडे तोंड करून उभा होता.

यशोदाबाईंनी पातेल्याच्या कडेला राहिलेलं बोटानं पुसून तोंडात घातलं.

"साखर कमी पडलीय," लीलाकडे न बघता त्या म्हणाल्या. "त्यांच्यात जास्त गोड लागतं."