काचेचं तोरण

आटपाडीत नणंदेच्या हळदीला सोनियानं दारावर हिरव्या काचांचं तोरण बांधलं. नेव्हीतला नवरा सुट्टीला येताना समुद्रकिनाऱ्यावरून लाटांनी गुळगुळीत केलेल्या फुटक्या बाटल्यांच्या काचा वेचून आणायचा, त्याच तिनं तारेत गुंफल्या होत्या. तो वारून वर्ष झालं होतं. सासूनं पाहुण्यांदेखत तोरण ओढून काढलं. "फुटकी काच, आन् तीबी तुझ्या हातची. शुभकार्याला चालत न्हाई." नणंद आईला अडवायला धावली, आणि झटापटीत तिच्या चुड्यातली एक बांगडी चौकटीवर आपटून फुटली. "आगं, फुटली की," एक पाहुणी बोलून गेली. "फुटली म्हणू न्हाई, वाढली म्हणावं," सासूनं दटावलं. सोनियाचं डोकं फिरलं. तोरण हिसकावून ती स्टुलावर चढली आणि गाठ मारताना म्हणाली, "आत्याबाई, हिची एक वाढली. माझ्या तुमी ह्याच दारात दगडानं फोडल्या. तवा हा शब्द कुठं गेलता?"