गंजीवरून दिसणारं माहेर

"टाका अजून," वैजयंता वरून ओरडली. कडब्याची गंजी तुडवायचं काम घरच्या नव्या सुनेचं, आणि तिचे पाय आज थांबायला तयार नव्हते. खालून नवरा पेंढ्या फेकत होता, वर ती नाचत नाचत त्या दाबत होती.

गंजी पुरी झाली तेव्हा कळलं, टेकवलेली शिडी पेंढ्यांच्या आतच रचली गेलीय.

"आता गुरांनी कडबा संपवला की उतर," नवरा हसत म्हणाला.

वैजयंतेला कुठं घाई होती? तिनं गिरकी घेतली नि खाली उभ्या सासूबाईंना हाक दिली. "आत्याबाई, इथून माझ्या माहेरच्या देवळाचा कळस दिसतोय."

तिला उतरवायला ट्रॅक्टरची ट्रॉली गंजीला लावली, तर पदर खोचून आधी सासूबाईच ट्रॉलीवर चढल्या. त्यांनी सुनेकडं हात वर केला.

"ओढ गं मला. माझं माहेर नदीपलीकडं आहे."